मुलांसाठी एक घटका

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आपण जांब समर्थ येथे जमलो आहोत. शके 1530, म्हणजे इ. स. 1608 च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण येथेच जन्मास आला. परंपरेने चालत आलेली कथा आपणांस ठाऊकच आहे. खोडकर नारायण एकदा दिसेनासा झाला, तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत सापडला. मातेने विचारताच, आपण विश्वाची चिंता करीत आहोत, असे तो उत्तरला. या कथेत आपण मुलाची थोरवी पाहतो. आम्हांस ती माताही थोर वाटते. तिने शोधले, विचारले आणि ऐकून घेतले.

आम्ही मात्र येथेच चुकलो. एका सायंकाळी चिरंजीवांनी 'घोडा घोडा'साठी हट्ट धरला. आम्ही मोबाइलमध्ये गुंतलेले. 'थांब जरा' म्हणालो. काही वेळाने पाहतो तो स्वारी लोडावर बसून त्या लोडालाच काऊचिऊची गोष्ट सांगत होती! रात्री तीच गोष्ट आम्ही सांगू लागलो, तेव्हा त्याने विचारले, ''बाबा, काऊ पावसात भिजतोय, तरी चिऊ सारखी 'थांब' का म्हणते?'' आम्हांस उत्तर देता येईना.

घटका म्हणजे अवघी 24 मिनिटे. दिवेलागणीनंतर तेवढी तरी मुलांना द्यावी. घोडा व्हावे, गोष्ट सांगावी, त्यांचीही ऐकावी. दार वेळीच उघडावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.