अन्याय आणि ‘अनफेअर’

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)

आजचा विषय एका शब्दाचा आहे. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने शब्दांची चर्चा करावी हे काहींना नवल वाटेल. पण ती करण्यामागे एक प्रसंग आहे.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनच्या एका खरेदी केंद्रावर मी उभा होतो. माझा एक जुना विद्यार्थी वडिलांसह माल घेऊन आला होता. ओलावा मोजला गेला, तो बारा टक्क्यांहून अधिक भरला आणि माल परत गेला. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातला दर त्याच्या बराच खाली होता. विद्यार्थी मला म्हणाला, “सर, हे अनफेअर आहे.” त्याचे वडील ट्रॉलीला टेकून उभे होते. ते एवढेच म्हणाले, “अन्याव हाय, दुसरं काय?”

बापलेकांनी एकच गोष्ट सांगितली असे मला तेव्हा वाटले. घरी परतताना लक्षात आले की त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

‘फेअर’ हा शब्द आपल्या व्यवहारात किती ठिकाणी शिरला आहे ते पाहा. रेशनच्या दुकानाच्या पाटीवर तो ‘रास्त भाव’ होतो. २००९ पासून उसाच्या दरात तो ‘रास्त व किफायतशीर’ म्हणून येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तो ‘वाजवी भरपाई’ होतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार कायद्यात त्याचे नकारार्थी रूप ‘अनुचित श्रम प्रथा’ म्हणून आले आणि २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात ‘अनुचित मार्ग’ म्हणून. सोयाबीन ज्या दर्जाचे असावे लागते, त्या ‘एफएक्यू’मधला पहिला शब्दही ‘फेअर’च आहे.

हे मराठी पर्याय एकमेकांची नक्कल नाहीत. ‘रास्त’ फारसीतून आला. त्याचा अर्थ सरळ, खरा. ‘वाजवी’च्या मुळाशी अरबी ‘वाजिब’ आहे. जे बंधनकारक आहे, जे करावेच लागते, ते वाजिब. इंग्रजी ‘फेअर’चा जुना अर्थ मात्र सुंदर असा होता. पुढे तो गोऱ्या कातडीलाही लागला आणि खेळातल्या सचोटीलाही. रंग उजळण्याचे मलम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला २०२० मध्ये आपल्या मलमाच्या नावातून हा शब्द काढावा लागला, हे आपण पाहिले आहे.

खेळातल्या सचोटीचा अर्थ आपल्या कामाचा आहे. खेळात ‘अनफेअर’ कोण? जो नियम मोडतो तो. नियम कोणी केले, मैदान कोणाचे आणि एकाच्या पायात बूट असताना दुसरा अनवाणी का, हे प्रश्न त्या शब्दात सहसा येत नाहीत. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांचा नियम सर्वांना सारखाच लावला गेला होता. त्या अर्थाने कोणीही काही ‘अनफेअर’ केले नव्हते. परंतु ज्याच्याजवळ गोदाम आहे, तो माल वाळवून पंधरा दिवसांनी आणू शकतो. ज्याच्या दारात सावकार उभा आहे आणि ज्याला रब्बीचे बियाणे घ्यायचे आहे, तो त्याच दिवशी पडेल भावाने विकतो. सारखा नियम विषम माणसांना लावला की विषमताच पक्की होते. म्हाताऱ्याने वापरलेला शब्द अधिक अचूक होता. आणि तो नियम काही निसर्गाने घालून दिलेला नव्हता. ओरड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली. तोवर ज्यांनी माल विकून टाकला होता, त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

मग ‘अनफेअर’ हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. १९७१ च्या कायद्याने मालकाची कोणकोणती कृत्ये अनुचित, हे अनुसूचीत एकेक करून नोंदले. त्यामुळे कामगाराला न्यायालयात बोट ठेवायला जागा मिळाली. ‘आमच्यावर अन्याय होतो’ असे नुसते म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. मोजता न येणारा अन्याय बहुधा भाषणात संपतो.

मराठवाड्याच्या बाबतीत हेच घडले. १९५३ च्या नागपूर कराराने आश्वासने दिली. १९५६ मध्ये घटनेत आलेल्या ३७१(२) या कलमाने विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची तरतूद केली. तरीही पुढची पंचवीसहून अधिक वर्षे आपण ‘अन्याय, अन्याय’ म्हणत राहिलो. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे ते मोजले आणि ‘अनुशेष’ हा शब्द घरोघर पोचला. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींवर भरला. त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी होते. आक्रोशाला आकडा मिळाला, ही त्या समितीची मोठी देणगी होय. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

पण आकड्यालाही मर्यादा असतात. सरासरी जिल्ह्याची निघते, माणसाची निघत नाही. कालवा आला की जिल्ह्याचा अनुशेष घटतो. पाणी कोणाच्या शेतात गेले आणि ज्याला शेतच नाही त्याचे काय, हे त्या रकान्यात दिसत नाही.

येथे मला स्वतःविषयी बोलले पाहिजे. १९७८ मध्ये मी विद्यार्थी होतो. मराठवाड्यावरील अन्यायाच्या घोषणा आम्ही घसा फोडून दिल्या होत्या. त्याच वर्षी २७ जुलै रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि नांदेड जिल्ह्यातल्या गावांत दलितांची घरे जळू लागली. टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ‘आमच्यावर अन्याय’ या वाक्यातल्या ‘आमच्या’ या शब्दात पोचिराम होते काय? हा प्रश्न मी तेव्हा मोठ्याने विचारला नाही. तो न विचारणे हाही अन्यायच होता आणि त्याचा अनुशेष कोणत्याही समितीने काढलेला नाही.

म्हणून साथींनो, निवेदन लिहायला बसाल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा. नियम मोडला गेला आहे काय? मोडला असेल तर कृत्य, दिवस आणि आकडा लिहा. नियम पाळूनही नुकसान झाले आहे काय? असेल तर तो नियम कोणी आणि कोणासाठी केला ते विचारा. आणि आपण ज्याला ‘आम्ही’ म्हणतो, त्यातून कोण वगळले गेले आहे? पहिल्या प्रश्नाला ‘अनफेअर’ हा शब्द पुरतो. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी त्या म्हाताऱ्याचाच शब्द लागतो. तो नुसता घोषणेत ठेवू नका. सातबाऱ्यावरच्या नोंदीइतका नेमका करून वापरा.