हळदीचा अर्क आणि शरीरातील दाह

फाल्गुन-चैत्रात अर्धापूर-वसमतच्या शिवारातून जाणाऱ्यास शिजत्या हळदीचा उग्र, ओलसर वास दुरूनच येतो. गड्ड्यात काडी सहज शिरली म्हणजे हळद शिजली असे समजून ती उन्हात पसरतात, आणि पंधरवडाभर वाळून, पॉलिश होऊन हा जिन्नस नांदेडच्या मोंढ्यावर सौद्यास येतो. त्यातील कुर्क्युमिन नामक पीतद्रव्याविषयी, आणि त्याच्या कॅप्सूल नांदेड-लातूरच्या औषधी दुकानांतून नेणाऱ्यांविषयी, आज बोलावयाचे आहे.

जखमेतून जंतू शिरला की मॅक्रोफेज ही भक्षक पेशी सावध होते. तिच्यातील एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात जाऊन दाहजनक द्रव्यांच्या जनुकांना जणू हुकूम सोडते, आणि टीएनएफसारखे संदेशवाहक रेणू बाहेर पडून ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह उपकारकच; मात्र मुदत उलटूनही तो चालू राहिला, तर संधिवातासारखे विकार बळावतात. काचपात्रात वाढविलेल्या अशा पेशींवर कुर्क्युमिन घातले असता त्या प्रथिनाची हालचाल मंदावते व टीएनएफ घटते, हे अनेक प्रयोगशाळांत दिसून आले आहे.

परंतु काचपात्रातील पेशीला जी मात्रा थेट मिळते, ती तोंडावाटे घेतलेल्या हळदीतून रक्तात पोहोचत नाही. कारण हळदीत कुर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या चमच्यात जेमतेम 40–50 मिलिग्रॅम, आणि आतडे व यकृत मिळून त्याचाही झपाट्याने निचरा करतात. शिवाय हे द्रव्य प्रकाश पडताच स्वतःही चमकत असल्याने काही चाचण्यांना चकवते, ही त्याची खोड रसायनशास्त्रज्ञांना चांगलीच ठाऊक आहे. हळदीने जखम भरून येते यावर अमेरिकेत 1995 साली दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले रुजू करून 1997 साली रद्द करविले, याचा अभिमान रास्तच; पण त्या निकालाने वापराची प्राचीनता शाबीत झाली, कॅप्सूलची गुणकारिता नव्हे.

मिऱ्यातील पायपेरीनमुळे कुर्क्युमिनचे शोषण वीसपटींनी वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी 1998 साली दाखविले, आणि तेव्हापासून अशी मिश्रणे बाजारात आली; मात्र ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गुळवेलीविषयीही मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 साली असाच इशारा दिला होता; आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख चुकली असावी, अशी हरकत घेतली, आणि बांधावरून वेल तोडून आणणाऱ्याला तर ही हरकत अधिकच लागू पडते.

तेव्हा भाजीतील आणि दुधातील हळद खुशाल चालू ठेवावी. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, कावीळ होऊन गेलेल्यांनी, आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. दवाखान्यात जाताना इतर औषधांबरोबर कॅप्सूलची डबीही पिशवीत टाकावी, आणि लघवी गडद पिवळी दिसू लागली वा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी कॅप्सूल थांबवून यकृताची तपासणी करवून घ्यावी.