फुकटच्या गाडीचा हिशेब
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण सगळेच वापरतो. माझी कोंबडी तर चार आण्यांचीही नव्हती. ती मला फुकट मिळाली. माझ्या वडिलांची १९६९ सालची स्टँडर्ड हेराल्ड मोटार, दर्यापूरच्या घरी गोठ्यात तीसेक वर्षे उभी असलेली. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा भाऊ म्हणाला, "भंगारात देऊन टाकू." मी म्हणालो, "मी दुरुस्त करतो. असा किती खर्च येणार आहे?" हे वाक्य मी मोठ्याने बोललो, याला बहीण साक्षीला आहे.

हेराल्ड म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांना सांगायला हवे. ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. १९५९ साली तिकडे निघाली. तिचे रूप मिकेलोटी नावाच्या इटालियन कलावंताने रेखाटले होते. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. अँबेसिडर आणि फियाट यांच्या जोडीने त्या काळी जी तिसरी गाडी रस्त्यावर दिसे ती हीच. बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट मगरीच्या जबड्यासारखे उघडते, सगळे इंजिन समोर मोकळे. हिचीच चासी थोडी आखूड करून इंग्रजांनी १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे दर्यापूरच्या डॉक्टरांची गाडी एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण होती. बाबांना त्याचे काही नव्हते. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतायची, मग ते पेशंटकडे दमणीने जायचे.

२०२१ च्या सुरुवातीला ट्रकवर घालून गाडी अमरावतीला आणली. मिस्त्रीने आजूबाजूने चक्कर मारली. मी अंदाज विचारला. तो म्हणाला, "सायेब, आताच कायले विचारता? उघडू द्या, मंग सांगतो." मी आग्रह धरला, तेव्हा त्याने ऐंशी हजार सांगितले. मी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर तो आकडा लिहिला. आज त्या वहीचे एकतिसावे पान चालू आहे. बेरीज करणे मी बाराव्या पानावर सोडले. तेव्हा ती अडीच लाखांच्या पुढे गेली होती.

आता या खर्चांत गंमत अशी, की जे खर्च आपण धरून चालतो ते तसे फार छळत नाहीत. इंजिन रिबोर करणे, पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट, हे सगळे ठरल्यासारखे झाले. छळले ते दुसऱ्याच गोष्टींनी.

पहिली गोष्ट आपल्या पाण्याची. दर्यापूर हे खारपाणपट्ट्यातले गाव. पूर्णेच्या खोऱ्यातले ते खारे पाणी बाबांच्या ड्रायव्हरने वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले आणि त्याच पाण्याने गाडी धुतली. रेडिएटर उघडला तर आत चुन्यासारखे थर. इंजिन ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा बुजलेल्या. चासीला आडवे हात असतात, ज्यांवर बॉडी टेकते. ते वरून धडधाकट दिसत होते. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. रंगाखाली काय आहे हे रंग सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला असेल तर रंगाची चमक पाहू नका, खाली आडवे पडून चासी पाहा. शर्ट मळेल, पण शर्ट धुता येतो.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. आधी मी खूष होतो. स्पिटफायरवर प्रेम करणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे इंजिनाचे आणि पुढच्या चाकांचे भाग इंग्लंडमध्ये अजून नवे तयार होतात. फक्त ते वजनावर येतात, आणि त्यावर कस्टम आणि कर बसतो. एका खोक्यावर तर भागाच्या किमतीइतकाच वरखर्च झाला. पण तेही परवडले. खरी अडचण पुढे आली. आमची हेराल्ड चार दारांची, आणि चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली. तिच्या मागच्या दारांचे रबर, मागच्या काचेची पट्टी, आतला हँडल या गोष्टी साऱ्या जगात कुठे मिळत नाहीत. चेन्नईच्या पुदुपेटला दोन वेळा गेलो, मुंबईच्या चोरबाजारात तीन वेळा. दीडशे रुपयांच्या हँडलसाठी रेल्वेचे तिकीट, लॉजचे भाडे आणि जेवण. हे मी वहीत 'प्रवास' या सदरात लिहिले, गाडीच्या सदरात नाही. हिशेबाची ही युक्ती बँकेत मी दुसऱ्यांची पकडत असे.

तिसरी गोष्ट पत्र्याच्या कामाची. लांबी भरून, घासून, रंग मारून देणारे पुष्कळ आहेत. पण सडलेला पत्रा कापून, नवा पत्रा हातोडीने ठोकून त्याला मूळची गोलाई देणारा माणूस अमरावतीत मला सापडला नाही. अकोल्याला एक चाचा भेटले. वय सत्तरीच्या पुढे. बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडायची, चाचांच्या समोर स्टुलावर बसायचे आणि संध्याकाळी परतायचे. मी नसलो की कामाला हात लागत नसे, कारण रोजची कामे पोटाची होती आणि माझे काम हौसेचे. मध्येच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झाले आणि काम चार महिने थांबले. दुसऱ्याकडे का गेला नाहीत, असे लोक विचारतात. दुसरा नव्हता. चाचांचा मुलगा मोबाइलचे दुकान चालवतो आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. दिवसाला जेवढी मजुरी चाचा मागत, तेवढ्यात आज गवंडीही येत नाही. मी थोडी वाढवून दिली, पण उशिरा.

पेट्रोलचेही सांगायला हवे. ही इंजिने शिसे असलेल्या पेट्रोलवर बेतलेली. त्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या बैठकी झिजत नसत. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, जे आपल्या मुलाबाळांच्या फुप्फुसांसाठी आणि मेंदूसाठी उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनाला कठीण धातूच्या बैठकी बसवाव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्राम खाते, आणि पाणी ओढून घेते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीला आतून गंज. म्हणजे चालवली तर खर्च, उभी केली तर जास्त खर्च. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पेट्रोल पंपातच उकळते आणि गाडी चौकात बंद पडते. मग पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहायची. येणारा-जाणारा "धक्का मारू का काका?" विचारतो. त्याला नाही म्हणणेही कठीण.

कागदांबद्दल थोडक्यात सांगतो. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरील खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला ती दर्यापूरला न्यायची होती, म्हणून साधे नूतनीकरण केले. वारसांच्या सह्या, थकलेला दंड आणि पर्यावरण कर भरला तेव्हा कागद झाला. २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे. विमा कंपनीने फक्त थर्ड पार्टी विमा दिला. वहीतल्या एकतीस पानांची त्यांच्या लेखी किंमत शून्य.

आता जे सांगायला जरा जड जाते ते सांगतो. गाडी २०२४ च्या दिवाळीला रस्त्यावर आली. चौथ्याच दिवशी बडनेरा रोडवर हळू वळण घेताना पुढचे डावे चाक आत दुमडले आणि गाडी नाकावर बसली. शेजारी बायको होती. वेग नव्हता म्हणून कपाळावर टेंगूळ येण्यावर भागले. या गाडीच्या पुढच्या चाकाला खालून एक पितळी आट्यांचा तुकडा धरून असतो. त्यात गिअरचे तेल घालायचे असते, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, आत गंज धरतो आणि दांडा एक दिवस तुटतो. तिथे आम्ही ग्रीस भरले होते. मिस्त्रीला दोष देता येत नाही. गाडीचे हँडबुक पहिल्या दिवसापासून माझ्या खणात होते आणि त्यात ते छापलेले आहे. मी रंगाच्या छटा पाहत बसलो होतो.

ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात वही चाळताना शेवटच्या पानावर तिचे अक्षर दिसले. पैशांचा एकही आकडा नव्हता, नुसत्या तारखा. "अकोला." "अकोला." "चेन्नई, पाच दिवस." "परतवाड्याचे लग्न, एकटी गेले." "गच्ची गळते, बादल्या तीन." आमच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे पुढे ढकलले होते, आणि त्याच काळात गाडीसाठी अंगणात पत्र्याची शेड झाली होती. एकदा तिने विचारलेही होते, "अहो, त्या शेडमध्ये एक खाट मावेल का?" मी तेव्हा हसलो होतो. ती मात्र तेव्हाही हसत नव्हती, हे आता कळते. मी त्या पानावरच्या तारखा मोजल्या. एकसष्ट निघाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात गच्ची झाली. गाडीच्या दोन्ही बाजूंचे ते तुकडे बदलले, आता दर दोन महिन्यांनी मी स्वतः खाली पडून तेल भरतो. मागच्या दारांचे रबर अजून मिळालेले नाही. अकोल्याचे चाचा ट्रॅक्टरच्या एका रबरातून कापून बघतो म्हणाले आहेत. दर्यापूरला कधी जायचे, असे मी बायकोला परवा विचारले. ती म्हणाली, "आधी तुम्ही एकटे जाऊन या. परत आलात की मग बघू."