क्विक चेंज म्हणजे नेमकं काय क्विक?

माझी बत्तीस वर्षं सैन्याच्या ई.एम.ई. कोअरमध्ये गेली. रणगाड्यापासून जीपपर्यंत जे मोडेल ते दुरुस्त करणारे आम्ही लोक. निवृत्तीनंतर सिकंदराबादलाच राहिलो आणि हैदराबादच्या बालानगर भागात एक छोटं वर्कशॉप काढलं. भागीदार म्हणून आले माझ्याच युनिटमधले एक सुभेदारसाहेब. मूळचे साताऱ्याकडचे, हाडाचे टर्नर. दोन जुने लेथ, एक ड्रिल, एक पॉवर हॅक्सॉ, एवढा आमचा संसार.

आज बोलायचंय ते लेथच्या कॉलेट चकबद्दल. या विषयावर मी स्वतः पैसे घालवून शिकलोय, म्हणून बोलतो.

आधी थोडक्यात, कॉलेट कशाला? थ्री जॉ चक वापरलेला असला की जॉब सहज ०.०५ ते ०.१ मिमी बाहेर फिरतो. फोर जॉमध्ये डायल लावून तो शून्यावर आणता येतो, पण प्रत्येक नगाला तेवढा वेळ कोण देणार? चांगला कॉलेट गोल बार सगळीकडून सारखा पकडतो, ०.०२ मिमीच्या आसपास फिरवतो आणि फिनिश झालेल्या जॉबवर जबड्याचे वळ उठवत नाही. त्यामुळे लहान बारचे पन्नास-शंभर नग करायचे असतील तर कॉलेट हवाच.

आम्हाला चारशे पिनांची ऑर्डर मिळाली. २० मिमी व्यास, ६० मिमी लांबी, लांबीत अधिक-उणे ०.१ ची सूट. मी कॅटलॉग उघडला. 'क्विक चेंज' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. लिव्हर ओढली की पकडतो, ढकलली की सोडतो, लेथ थांबवायलाही नको. सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, आधी आपण वर्षभरात काय काय धरतो, ते तरी लिहून काढू या." मी म्हणालो, "साहेब, ऑर्डर डोक्यावर आहे, लिहीत बसायला वेळ नाही." आणि फाइव्ह-सी कॉलेटचा लिव्हरवाला चक मागवला. त्यात त्यांच्या निवृत्तीच्या पैशांचाही वाटा होता, हे इथे सांगायला हवं.

पहिले दीडशे नग झकास गेले. मग बारचं दुसरं बंडल काढलं आणि पिना आखूड यायला लागल्या. गिऱ्हाइकाने मोजल्या, तेव्हा नव्वद नग बाद. लांब पीन पुन्हा कापता येते, आखूड पीन भंगारात जाते.

चूक कुठे झाली? हे पाहा, हा माझ्या हातातला फाइव्ह-सी कॉलेट. याचं तोंड उतरतं आहे, प्रत्येक बाजूला १० अंश. मागची ड्रॉ ट्यूब याला आत ओढते, तेव्हा तोंड स्पिंडलच्या उतारात दाबलं जाऊन आवळतं. म्हणजे पकडताना कॉलेट स्वतः मागे सरकतो. किती सरकतो? व्यासातल्या फरकाच्या साधारण पावणेतीन पट. २० मिमीचा एच-११ दर्जाचा ब्राइट बार १९.८७ पासून २०.०० पर्यंत कुठेही असू शकतो, आणि तो नियमाप्रमाणेच असतो. फरक ०.१३. त्याच्या पावणेतीन पट म्हणजे ०.३५ मिमीच्या वर. आमचा स्टॉप कॉलेटच्या आतच बसवलेला होता. कॉलेट सरकला की स्टॉपही सरकणार. सेटिंग केलं पातळ बारवर, पुढे आला जाड बार. कॉलेट कमी आत गेला, पीन बाहेर राहिली, टूलने जास्त कापलं. चक चांगला, बार चांगला, चूक निवडणाऱ्याची.

त्या रविवारी आम्ही दोघं जुनी जॉब कार्डं घेऊन बसलो. तेव्हा दिसलं की आमची निम्मी कामं २८ ते ३८ मिमीच्या बारची आहेत. फाइव्ह-सीमधून गोल बार जातो २७ मिमीपर्यंत, बस्स. लेथच्या स्पिंडलला भोक मोठं असलं तरी ड्रॉ ट्यूब त्यात जागा खाते. म्हणजे निम्म्या कामांसाठी हा चक काढून थ्री जॉ चढवायचा होता. कसला क्विक चेंज?

इथे मला जे उमगलं तेच आजचं सांगणं. 'क्विक चेंज' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, नग पटकन बदलणं. दोन, कॉलेटचं माप पटकन बदलणं. विकणारा दोन्हींना एकच नाव देतो. आपल्याला कोणती हवी ते आपणच ठरवायचं, आणि त्याला साधा हिशोब पुरतो.

लिव्हरमुळे नगामागे २० सेकंद वाचतात असं धरा. ४०० नगांना ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. आता माप बदलायला तीन मिनिटं लागतात आणि दिवसातून चार वेळा बदलता, तर ती झाली फक्त बारा मिनिटं. एकाच मापाचे शेकडो नग असतील तर लिव्हर घ्या. उलट दुरुस्तीचं वर्कशॉप असेल, दिवसात पंधरा मापांचे दोन-दोन नग असतील, तर लिव्हरचा उपयोग थोडा. तिथे मोठा पल्ला पकडणारा कॉलेट हवा.

आता पर्याय पाहू. ईआर-४० चा प्रत्येक कॉलेट साधारण १ मिमीचा पल्ला सांभाळतो. छंदासाठी किंवा दुरुस्तीसाठी उत्तम, खर्चही आटोक्यात. पण नट लांब पान्याने आवळावा लागतो, आणि आवळताना हाही आत सरकतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कॉलेट आधी नटमध्ये खटकन बसवायचा, मगच नट चकवर चढवायचा. आणि आखूड तुकडा धरायचा असेल तर मागच्या टोकाला त्याच व्यासाचा ठोकळा घाला, नाहीतर कॉलेट तिरका आवळतो.

दुसरा, रबराने जोडलेल्या पोलादी पाकळ्यांचे हेड. छोट्या हत्याराने काही सेकंदांत हेड बदलतं, पकड समांतर, पल्ला साधारण १ मिमी. खरा क्विक चेंज हाच. पण एकेक हेड महाग. सगळा संच घेऊ नका, रोज लागणारी मापं तेवढी घ्या.

तिसरा, डेड लेंथ. यात कॉलेट पुढच्या टोपीला टेकून जागेवर राहतो, बाहेरची स्लीव्ह सरकून त्याला आवळते. लांबी हलत नाही. आपल्याकडे ट्रॉब मशीनमुळे असे कॉलेट गावोगावी मिळतात. माप बदलायला पुढची टोपी खोलावी लागते, तेवढा वेळ जातो.

आम्ही शेवटी ४२ मिमीपर्यंतचा, हाताच्या लिव्हरचा डेड लेंथ चक घेतला आणि पाचच कॉलेट. नव्वद पिना स्वतःच्या खर्चाने पुन्हा करून दिल्या. गिऱ्हाईक टिकलं.

खरेदीला जाण्याआधी पाच प्रश्न कागदावर लिहा. माझ्या लेथच्या स्पिंडलचं नाक कोणतं, आट्यांचं की कॅमलॉक? आट्यांचं असेल तर उलट फिरवताना किंवा एकदम ब्रेक मारताना चक सुटून येऊ शकतो, हे विसरू नका. चक बसवल्यावर स्पिंडलमधून किती मिमीचा बार आरपार जाईल? आवळताना जॉब सरकतो का, आणि स्टॉप कशाला बांधलेला आहे? कॉलेट माझ्या शहरात मिळतात का? आणि दिवसात नग किती, मापं किती?

चक आल्यावर ग्राइंड केलेली पीन धरून दोन ठिकाणी डायल लावा, तोंडाजवळ आणि ५० मिमी पुढे. दोन्हीकडे समाधान झालं तरच शेवटचे पैसे द्या. आणि काळा, खवले असलेला बार कॉलेटमध्ये कधीच घालू नका. त्याच्यासाठी थ्री जॉ आहेच.

तो फाइव्ह-सी चक विकायचा विचार होता. सुभेदारसाहेब म्हणाले, "राहू द्या सर. लहान कामाला चालेल." आज तो दुसऱ्या लेथवर आहे, १५ मिमीखालच्या कामाला, जिथे लांबीची सूट मोठी असते. आणि आता नवीन काही घ्यायचं म्हटलं की आधी ते जॉब कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवतात. बोलत काही नाहीत. मी मुकाट्याने वाचायला घेतो.

जय हिंद.