चेहरा, वय आणि ती बिनलेबलची डबी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोर्डावर विषय वाचून काही जण हसले. एकाने तर विचारलंच, ‘साहेब, आयुष्यभर कर्जं वाटली, आता बोटॉक्स वाटता की काय?’ त्याचं असं झालं, की स्मरणिकेसाठी कमिटीने सभासदांचे फोटो मागवले. आलेले फोटो पाहून सेक्रेटरी चक्रावले. साठीतली माणसं पंचविशीतली दिसत होती! पोट्ट्यांनी मोबाईलमधलं फिल्टर लावून दिलं होतं. फोटोतल्या सुरकुत्या बोटाने पुसता येतात, पण चेहऱ्यावरच्या पुसायला सुई, लेसर किंवा सुरी लागते. आणि हे आता फक्त मुंबईच्या नट-नट्यांचं राहिलेलं नाही, आपल्या गावातल्या लग्नघरांपर्यंत आलं आहे. म्हणून बोलतो.

नटण्याची हौस काही वाईट नाही. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या नगरीला कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलं आहे. तेव्हा रूपाचं कौतुक आपल्या पाण्यातच आहे म्हणायचं!

ही चेहऱ्याची शस्त्रक्रिया परदेशातून आली असं आपण धरून चालतो. तसं नाही. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेऊन नाक करण्याची रीत सांगितली आहे. आणि अलीकडची, नीट नोंद झालेली हकीकत तर आपल्या पुण्याची आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. जवळजवळ वर्षभर तो बिनानाकाचा हिंडला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. हा माणूस कोणी डॉक्टर नव्हता, विटा पाडणाऱ्या समाजातला होता. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर समोर उभे राहून पाहत होते.

त्याने केलं कसं, ते ऐका. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकाच्या जागी बसवून माप घेतलं. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेने रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधला एक पट्टा तसाच जोडलेला ठेवला. का, तर त्यातून रक्त चालू राहावं म्हणून. मग ती कातडी फिरवून खाली आणून बसवली. वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. कात म्हणजे आपण पानाला लावतो तोच. पाच-सहा दिवस उताणं झोपवलं, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घातलं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला तो जोडलेला पट्टा कापला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कपाळाची कातडी वापरण्याची ही पद्धत आजही जगभर चालते, तिला भारतीय पद्धतच म्हणतात. ज्याने केलं त्याचं नाव मात्र त्या वृत्तांतात नाही. कावसजीचं आहे, पाहणाऱ्या साहेबांची आहेत, हाताचं कसब ज्याचं त्याचं नाही. असो.

हे एवढं सविस्तर सांगतो, कारण चेहरा दुरुस्त करणं म्हणजे नखरा असं आपल्यात पटकन म्हणतात. माझ्या एका शाखेत एक खातेदार बाई यायच्या. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या. काउंटर बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी, पदर तोंडावर ओढून. नागपूरला दोन-तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि एक दिवस त्या सकाळी अकराला, भर गर्दीत, रांगेत उभ्या दिसल्या. त्यांना कोणी म्हणावं, की हा नखरा आहे! मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशिर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं उभी केली तीही याच कारणासाठी. रोग बरा झाला तरी नाक आणि भुवया पाहून माणसं दारात उभं करत नव्हती.

कायद्यानेही ही रेघ ओढलेली आहे बरं का. उपचारावर जीएसटी नाही. पण केस रोवणं आणि निव्वळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या सवलतीत येत नाही, त्यावर कर लागतो. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा जखम यामुळे करावी लागली तर सवलत मिळते. मेडिक्लेमचा नियमही साधारण असाच. सही करण्याआधी पॉलिसी वाचा, एवढं बँकवाल्याचं ऐका.

आता सुरकुत्यांकडे येऊ. बोटॉक्स म्हणजे मुळात एका जंतूचं विष. तेच, जे खराब झालेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर माणूस लुळा पडतो. डोळ्यांचे डॉक्टर ते अगदी सूक्ष्म मात्रेत तिरळेपणा आणि पापण्या फडफडणं यांवर वापरत होते. कॅनडातल्या व्हँकुव्हरला कॅरथर्स हे डॉक्टर दांपत्य, बाई डोळ्यांच्या आणि नवरा कातडीचा. पापणीसाठी सुई घेणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्याही जातात, हे त्या बाईंच्या लक्षात आलं. दोघांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत २००२ मध्ये आठ्यांसाठी परवानगी मिळाली. स्नायूला आखडण्याचा निरोपच पोचत नाही, म्हणून घडी पडत नाही. असर तीन-चार महिने, मग पुन्हा सुई. फिलर वेगळं. बसलेल्या गालात किंवा ओठांत जेलीसारखा पदार्थ भरतात. ते सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरते, आणि क्वचित डोळाही जातो. म्हणजे हे काम ज्याला चेहऱ्याच्या आतल्या नसा ठाऊक आहेत त्याचं. सोफ्यावर बसवून सुई टोचणाऱ्याचं नव्हे.

केस रोवण्याचंही तसंच. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस रोवून घेतले आणि दोन दिवसांत तो गेला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनला लिहून कळवावं लागलं, की व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेला बसून कोणी या कामाला लायक होत नाही! म्हणून पाटीवरची अक्षरं वाचा. प्लास्टिक सर्जन असेल तर एम.सीएच. किंवा त्या विषयातलं डी.एन.बी., कातडीचा डॉक्टर असेल तर एम.डी. किंवा डिप्लोमा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कर्ज देताना आम्ही सातबारा मागत होतोच की.

कर्जावरून आठवलं. हल्ली यासाठी पोरं पर्सनल लोन काढतात. आमच्याकडे साधा नियम होता. वस्तू जितकी वर्षं चालेल त्याच्या आत कर्ज फिटलं पाहिजे. ट्रॅक्टर दहा वर्षं चालतो, म्हणून सात-आठ वर्षांची मुदत. चार महिने टिकणाऱ्या सुईसाठी छत्तीस हप्ते म्हणजे कोणत्या मॅनेजरने मंजूर करावं?

आपल्या वयाच्या मंडळींना एक सांगतो. दात पडले की ओठ-गाल आत जातात, हनुवटी वर येते. चांगली कवळी बसवून घ्या, आरशात फरक दिसेल आणि भाकरही चावता येईल. कातडी म्हातारी करण्यात उन्हाचा वाटा फार मोठा. आपल्याकडे मे महिन्यात पोरी स्कार्फ बांधून गाडीवर जातात त्याला हसू नका, त्या शहाण्या आहेत. आणि तरण्या पोरांनो, खर्रा. चाळिशीच्या आत गाल आतून कडक होतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही, चेहरा ओढल्यासारखा होतो. सुपारीचं हे काम कोणत्याच फिलरने भरून येत नाही, आणि पुढे कॅन्सरची भीती आहेच.

आता ज्यासाठी मुख्यतः उभा राहिलो ते. सर्जनच्या सुरीपर्यंत आपल्यातले फार थोडे जातील. आपल्या घरात शिरते ती क्रीमची डबी. मागच्या लग्नसराईत नातीसाठी कोणीतरी प्रेमाने अशी एक आणून दिली. मी चष्मा लावून पाहिली. कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. ‘आठ दिवसांत फरक’ एवढं तोंडी सांगितलेलं. नातीला म्हटलं, हे लावायचं नाही. ती म्हणाली, ‘आबा, तुम्ही केस काळे करता ते चालतं?’ म्हटलं, माझ्या पाकिटावर काय काय घातलंय ते छापलेलं तरी आहे!

आठ दिवसांत फरक पडतो तो बहुधा दोन गोष्टींनी. एक, स्टिरॉइड. चेहरा झटपट उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल नसा दिसतात, मुलींना लव येते, आणि बंद केलं की आग आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मिळतात. दुसरी गोष्ट पारा. कातडीत काळा रंग तयार व्हायचं काम पारा अडवतो, म्हणून गोरं दिसतं. पण तो कातडीतून आत जातो आणि किडनीची गाळणी बिघडवतो.

हे लांबचं नाही हो. अकोल्याचं आहे. १९९८ मध्ये वेगळे होईपर्यंत आपला आणि त्यांचा जिल्हा एकच. तिथे एका घरातल्या तिघींनी, आई आणि दोन मुली, ब्युटी पार्लरमधून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं. तिघींच्या किडन्या आजारी झाल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं. रक्तात पारा वाढलेला, आणि क्रीम तपासलं तर त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा. २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत हे आलं होतं. आपल्या नियमांत नकळत राहून गेलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग आहे, फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांना ती सत्तर. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या अशा एका आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांचा आजार एकाच विशिष्ट प्रकारचा निघाला, आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर ओसरला, हे महत्त्वाचं.

खरं म्हणजे ती डबी घेणाऱ्या पोरीला मी दोष देत नाही. ‘मुलगी गुणाची आहे, पण रंग जरा...’ हे वाक्य या सभागृहात बसलेल्या किती जणांनी बघण्याच्या कार्यक्रमात म्हटलं असेल, त्यांनी मनात मोजावं. मागणी तिथून येते, डबी नंतर.

तर आता एकच विनंती. कोणाच्या घरात अशी बिनलेबलची, किंवा मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं लिहिलेली डबी असेल तर आज रात्रीपासून लावणं बंद करा. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा डोळ्यांखाली सूज असेल तर थांबू नका. लघवीतलं प्रोटीन तपासायला फारसे पैसे लागत नाहीत, वाशीममध्येच होतं. एकाच टॉवेलला तोंड पुसणाऱ्यांचीही तपासणी करून घ्या. आणि डबी रागाने कचऱ्यात फेकू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. डॉक्टरांना दाखवायला लागेल, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर तीच हातात लागेल. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.