टाकणं सोपं, काढणं अवघड

साकीनाक्यातून बोलतोय, मागे हॉर्न ऐकू येतीलच.

बाबा व्हेंटिलेटरवरून सुटून घरी आले. दीड महिन्यात जिना चढताना त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजायला लागली. दमा समजून आम्ही पंप देत राहिलो. खरं तर व्हेंटिलेटरच्या नळीच्या फुग्याचा दाब पडून श्वासनलिका आतून आकसली होती.

मी म्हटलं, स्टेंट टाका ना! नायटिनॉलची जाळी आत जाऊन आपोआप फुलते. डॉक्टर म्हणाले, "आणि काढायची कशी?" जाळीच्या भोकांतून मांस वाढतं. कॅन्सर नसेल तर आधी बाकीचे सगळे उपाय बघा, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच दिलाय. रोलबॅक नसेल तर आपण डिप्लॉय करतो का?

बाबांची श्वासनलिका फुग्याने रुंद केली, दोनदा. आता जिना चढतात.

व्हेंटिलेटरनंतर शिट्टी ऐकू आली, तर दुर्बिणीच्या तपासणीबद्दल नक्की विचारा.