खापर पावसाच्या माथी

दारिद्र्याचे खापर पावसाच्या माथी फोडणे सोयीचे असते. १९७२च्या दुष्काळात शेतमजूर उपाशी राहिला, तो केवळ पीक बुडाले म्हणून नव्हे. शेतातले काम थांबले आणि धान्य विकत घेण्यापुरती मजुरीही उरली नाही म्हणून. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात सुमारे ४९ लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. इतक्या हातांना स्वतःची पुरेशी जमीन नव्हती, हे त्या खडीच्या ढिगांनीच दाखवून दिले.

शहरात आलेल्याचे काय झाले? १९८२च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप मोडल्यावर कित्येकजण गावी परतले, तर तिथल्या तुकड्यावर भावाचेच पोट भरत नव्हते. इकडे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. २००१ साली नियम बदलून त्यांतला सार्वजनिक घरांचा आणि मैदानांचा वाटाही आक्रसला.

मग गावातल्या कामाची आणि शहरातल्या घराची मागणी आपण दोन वेगळ्या निवेदनांत का लिहितो?